अकरा खरी वाक्ये

काशिनाथपंत राजूरकरांना मी पुरते एक वर्ष पट्ट्यापट्ट्यांतून पाहिले. जालन्याच्या हायस्कुलाच्या माडीवर इंटरच्या पहिल्या वर्षाचा वर्ग निघाला, तेव्हा आम्ही दहा विद्यार्थी होतो. आठ मुलगे समोरच्या बाकांवर, आणि उजव्या भिंतीशी, बांबूच्या काड्यांच्या पडद्याआड, चिकाआड, मी आणि अख्तर. चिकातून माणूस अखंड दिसत नाही. एक पट्टी कपाळ, एक पट्टी मिशी, एक पट्टी बंद गळ्याचा कोट. त्यांची जुळणी आपली आपण करून घ्यायची. म्हणून पंत मला आधी ऐकू आले, मग तपकिरीच्या उग्र, किंचित गोड वासातून कळले, आणि दिसले ते सर्वांत शेवटी. त्यांच्या बोलण्याची एक लय होती. वाक्य संपले की ते थांबत, विहिरीत दगड टाकून पाण्याचा आवाज येईपर्यंत थांबावे तसे. आणि आवाज आला नाही तर ते वाक्य मागे घेत.

गावात त्यांना ‘प्रोफेसर’ म्हणत, पण ते टोमण्याने. हुद्दा हंगामी होता, विषय दुय्यम होता आणि तास भर दुपारचा होता. इतिहास, गणित, सारे काही उर्दूतून शिकवले जाई. मराठी निबंध हे त्या थाटाच्या जेवणातले कडेचे लिंबू. त्या लिंबाने सगळ्यांची तोंडे आंबट होतील, हे वर्ग काढणाऱ्यांच्या ध्यानात आले नव्हते.

पहिल्याच दिवशी पंतांनी ‘आमची नदी’ हा विषय दिला. तासाअखेरीस दहा वह्यांतून दहा नद्या वाहू लागल्या आणि दहाही झुळझुळ वाहत होत्या. पंतांनी वह्या मिटल्या आणि दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग कुंडलिकेच्या काठावर नेला. आम्ही दोघी पडद्याच्या टांग्यात. चैत्राचे दिवस होते. पंतांनी टांगा नदीच्या पात्रात, अगदी पात्राच्या मधोमध उभा करवला, कारण तिथे पाण्याची अडचण नव्हती. मग त्यांनी सर्वांना डोळे मिटून झुळझुळ ऐकायला सांगितले. मी पडद्याआड कान दिले. धोब्याचा कपडा दगडावर आपटत होता; त्या आवाजाला ओले टोक होते, म्हणजे कुठे तरी डबके होते. एक गाढव खोकले. तापलेल्या वाळूचा भाजल्यासारखा वास येत होता. पंतांनी एकेकाला विचारले. बदनापूरहून रोज आगगाडीने येणारा लिंबाजी, शेतकऱ्याचा उंच, बावळट दिसणारा आणि मुळीच बावळट नसलेला मुलगा, प्रामाणिकपणे म्हणाला, “पंत, झुळझुळ तर न्हाई ऐकू आली. गाढव ऐकू आलं.”

“मंग गाढव लिही,” पंत म्हणाले.

त्यांची शिकवण्याची रीत एवढीच, आणि ती साऱ्या गावाला पुरून उरली. त्यांच्या मते वाक्य लिहिणे म्हणजे साक्ष देणे. साक्ष तीनच ठिकाणांहून येते: पाहिलेले, ऐकलेले आणि वाटलेले. जे चौथ्या ठिकाणाहून आले, ते दुसऱ्याच्या वहीतून आले असे समजावे. प्रत्येक वाक्यासमोर समासात आम्ही खूण करायची: पा, ऐ किंवा वा. मग वह्यांची अदलाबदल व्हायची. वर्गात तांबडी पेन्सिल एकच होती. ती ज्याच्याकडे येई तो त्या दिवसाचा ‘खोडणारा’. त्याने वाक्यावाक्याला उभे राहून विचारायचे, “कशावरून?” लिहिणाऱ्याला आधार देता आला तर वाक्य जगले, नाही तर तांबडी रेघ. मुलींच्या वह्या चिकाखालून सरकत जात आणि जखमी होऊन परत येत.

मी घरी काव्याचे संस्कार घेऊन आलेली मुलगी. माझ्या पहिल्या निबंधात संध्याकाळ केशरी शालू नेसून आली होती आणि वाऱ्याने तिच्या पदराशी लडिवाळपणा केला होता. वही परत आली तेव्हा पानभर, ओळीओळीला, पंतांच्या अक्षरात ‘वा’, ‘वा’, ‘वा’ असे लिहिलेले. मी दोन दिवस हवेत होते. तिसऱ्या दिवशी अख्तरने ओढणीच्या टोकाने तोंड झाकून सांगितले, “अगं, ती दाद न्हाई. तुला नुसतं वाटलंय, असं म्हणून राह्यले ते.” अख्तर मुन्सफसाहेबांची मुलगी. घरी उर्दू, शेजारात मराठी आणि दोन्ही भाषांत जीभ तिखट. वाटलेले लिहायला पंतांची मनाई नव्हती. फक्त वाटलेल्याला पाहिलेल्याचे कपडे घालू नयेत, एवढेच त्यांचे म्हणणे होते. ते मला त्या वयात फार क्रूर वाटले. समासात खूण करायची तर वा.

मुलांनी ही विद्या घरोघरी नेली आणि गावात साथ पसरावी तशी ती पसरली. लिंबाजीच्या थोरल्या भावाची सोयरीक ठरत होती. मुलीचे मामा पानाला चुना लावता लावता म्हणाले की आमची पोर गाईसारखी गरीब आहे. लिंबाजीने विचारले, कशावरून. मामांनी पान खाली ठेवले, बैठक मोडली आणि सोयरीकही मोडली. अख्तरच्या घरी स्थळ घेऊन आलेल्या बाईंनी मुलगा लाखात एक आहे असे सांगितले, तेव्हा हिने आतल्या खोलीतून पडद्याआडूनच विचारले की खालाजान, आपण लाख मुलगे कुठे पाहिलेत. बाईंनी तो प्रश्न अपमान म्हणून घेतला; अख्तरने तो अभ्यास म्हणून विचारला होता. महिनाभरात पंतांचे आडनाव गावाने बदलले. भाजीवाल्यापासून वकिलापर्यंत सगळे त्यांना ‘कशावरूनपंत’ म्हणू लागले. पंतांना त्याचा राग नव्हता. नाव साधार आहे, एवढेच ते म्हणाले.

तरी पंत संत नव्हते, हेही सांगायला हवे. खरेपणाचा त्यांना गर्व होता आणि तो गर्व ते समोरच्याला सोसायला लावत. कोणी सहज ‘बरे आहात ना?’ म्हणून विचारले, तर ते थांबून, विचार करून, पोटाच्या तक्रारीपासून उत्तर द्यायला सुरुवात करत. शेजारच्या बाईंनी आणून दिलेल्या लोणच्याचे त्यांनी असे परीक्षण केले होते की ती बरणी पुढे कधी त्यांच्या उंबऱ्यावर आली नाही. अशा माणसाला स्तुती लिहायला सांगणे म्हणजे सुताराला भाकरी थापायला बसवणे. पण ती वेळ आलीच.

आमच्या वर्गाला मंजुरी एकाच वर्षाची होती. दुसरे वर्ष द्यायचे की माडी पुन्हा मोडक्या बाकांना द्यायची, हे ठरवायला हैदराबादहून एक बडे अधिकारी येणार होते. त्यांचे नाव कोणी उच्चारत नसे. सगळे नुसते ‘हुजूर’ म्हणत. मुलांना औरंगाबादची वाट मोकळी होती. आम्हा दोघींना नव्हती. माझ्या वडिलांनी स्पष्ट सांगितले होते की माडीपर्यंत शिकू देईन, आगगाडीपर्यंत नाही. आणि मुन्सफसाहेबांचे मतही निराळे नव्हते. वर्ग मिटला की आमचे शिकणे मिटले. हे वर्गात सर्वांना ठाऊक होते, आणि पंतांना सर्वांत जास्त.

मोठा पाहुणा आला की त्याला सिपासनामा द्यायचा, हा हैदराबाद संस्थानातला नेम. कलमाने देखणे लिहिलेले स्वागतपत्र, मखमली पिशवीत घालून, सभेत मोठ्याने वाचून हाती द्यायचे. एक उर्दू आणि, रयत मराठी असल्यामुळे, एक मराठी. उर्दू मुख्याध्यापक मीरसाहेब स्वतः लिहिणार होते. मीरसाहेब म्हणजे अत्तराचा एक चालता फाया. मनुष्य मऊ, हळवा आणि शेरोशायरीत मुरलेला; खरे बोलायला त्यांची हरकत नसे, पण ते विड्यासारखे गुंडाळून, वर लवंग टोचून पुढे करावे, असा त्यांचा आग्रह असे.

तास सुटल्यावर आमचा टांगा येईपर्यंत आम्ही दोघी चिकाआडच बसून राहत असू. त्यामुळे त्या दोघांचे बोलणे आम्ही ऐकले.

“पंतजी,” मीरसाहेब म्हणाले, “मंजूरी इस कागज पे लटकी हुई है. हुजूर खुश हुए तो वर्ग है. नईं हुए तो मैं फिर सातवी को जुगराफिया के नक्शे पढाऊंगा, तुम घर बैठेंगे, और ये दो बच्चियां चूल्हे के सामने.”

पंतांनी काय लिहू म्हणून विचारले.

“अब ये भी मैं बोलूं? इल्म का समंदर लिखो. इन्साफ का सूरज लिखो.”

तपकिरीच्या डबीचे झाकण उघडल्याचा टक् आवाज आला. “समुद्र म्या पाह्यलाच न्हाई, मीरसाहेब,” पंत म्हणाले.

मीरसाहेब हसले नाहीत. त्यांच्या चपला जिन्यावरून हळूहळू उतरत गेल्या, आणि अत्तराचा वास पायरीपायरीने विरळ झाला.

पुढचे तीन दिवस पंतांनी खरोखर प्रयत्न केला. आम्हाला निबंध देऊन ते टेबलाशी लिहीत बसत आणि आम्हाला टाकाची कुरकुर ऐकू येई, मग एक लांब रेघ ओढल्याचा आवाज, मग कागद चुरगळल्याचा. चौथ्या दिवशी ते वर्गात आले तेव्हा त्यांच्या आवाजाला धार नव्हती. ‘आपल्या आगमनाने’ या दोन शब्दांच्या पुढे आपण जाऊ शकलो नाही, असे त्यांनी सांगितले. आगमन खरे होते. त्याने काय होणार ते ठाऊक नव्हते. मला जमून न्हाई राह्यलं, ते म्हणाले, तुम्ही लिहा. एकेकाने एकच वाक्य द्यायचे. खरे पाहिजे, आणि तोंडावर बोलता आले पाहिजे.

शिक्षकाने विद्यार्थ्यांपुढे असे रिकामे हात दाखवलेले मी त्याआधी पाहिले नव्हते आणि नंतरही फारसे पाहिले नाही.

दोन तास तांबडी पेन्सिल फिरली. ‘आपण हैदराबादहून आलात, प्रवास लांबचा आहे,’ हे पहिले वाक्य सहज टिकले. लिंबाजीचे दुसरे होते: ‘आपण नऊ वाजता येणार होतात, आपण इतक्या वाजता आलात.’ आकड्याच्या जागी त्याने कोरी जागा सोडली होती. ती कशावरून, म्हणून विचारताच त्याने मागच्या चार पाहुण्यांच्या वेळा धडाधड सांगितल्या. तिसरे वाक्य केळीच्या कमानीविषयी होते. ती उद्या गुरे खातील असे त्यात म्हटले होते. चौथे माझे. रस्त्यावर पखालीने पाणी मारल्याचा वास त्या सकाळी टांग्याच्या पडद्यातून आत आला होता, आणि तो वास मला ओळखीचा होता. तसाच तो वर्षभरापूर्वी एकदा आला होता. मी लिहिले: ‘आपल्या वाटेवर धूळ उडू नये म्हणून पाणी मारले आहे, याआधी ते मागच्या साहेबांच्या वेळी मारले होते.’ पंतांनी मला एकच दुरुस्ती सांगितली, की ‘मारले आहे’च्या पुढे समासात ‘पा’ लिहिले आहेस, ते चूक आहे. तू ते हुंगले आहेस. त्यांच्या तीन खुणांत नाकाला जागा नव्हती. त्यांनी ती त्या दिवशी केली.

सातवे वाक्य अख्तरचे होते. ‘आपल्याला आम्ही आज प्रथमच पाहत आहोत, म्हणून आपल्या गुणांविषयी आम्हाला काहीही सांगता येत नाही.’ तांबडी पेन्सिल लिंबाजीच्या हातात होती. त्याने ती वर नेली, खाली आणली, आणि म्हणाला, “याला काय इचारू? बराबर आहे.”

दहा वाक्ये झाली. अकरावे पंतांनी स्वतः घातले: ‘हा वर्ग पुढे चालावा, अशी आमची फार इच्छा आहे.’ समासात त्यांनी मोठ्या अक्षरात ‘वा’ लिहिले. ‘फार’ या शब्दावर ते थोडे थबकले होते. मग त्यांनी तो राहू दिला.

हुजूर साडेअकराला आले. शाळेच्या पटांगणात शामियाना होता. बायकांच्या बाजूला चिक होता आणि आम्ही तिथे. पंतांनी उठून आधी कोऱ्या जागेत बोरूने वेळ लिहिली. त्या लिहिण्याची खरखर भर सभेत, स्तब्धतेत, सर्वांना ऐकू आली, आणि हा काही तरी मराठी विधी असावा अशा समजुतीने हुजुरांनी मान लववली. मग पंत वाचू लागले. ते वाक्याच्या शेवटी थांबत, आणि ते थांबले की लोक टाळ्या वाजवत. आपण उशिरा आलात: टाळ्या. कमान गुरे खातील: टाळ्या. आपल्या गुणांविषयी आम्हाला काही सांगता येत नाही: सर्वांत जोरदार टाळ्या, कारण एवढे लांब वाक्य आता संपले होते. पुढच्या रांगेत गावातले सगळे मराठी जाणणारे प्रतिष्ठित बसले होते. एकाच्याही भुवईची पट्टी वर गेली नाही. सिपासनामा ऐकायचा नसतो, त्यात बसायचे असते, ही त्यांची वर्षानुवर्षांची सवय होती. खरे बोलल्याने आभाळ कोसळेल अशी भीती घेऊन आम्ही दहा जण श्वास धरून बसलो होतो. आणि खरे बोलले गेले, तर ते पंख्याच्या वाऱ्यासारखे लोकांच्या अंगावरून निघून गेले.

हुजुरांना मराठी येत नव्हते. त्यांनी मीरसाहेबांकडे पाहून तर्जुमा, म्हणजे उर्दू भाषांतर, मागितला.

मीरसाहेबांना मराठी चांगले येत होते. मी त्यांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा कापताना ऐकला, पण पहिल्या वाक्यापुरताच. पुढे ते सावरले, आणि मग जे घडले ते आठवून मला आजही हसू येते आणि त्या माणसाविषयी गहिवरही. ‘आपण साडेअकराला आलात’ याचे त्यांनी केले: सुबह नौ बजे से आंखें हुजूर की राह में बिछी थीं. पाण्याचे केले: हुजूर के कदमों की बरकत से रास्तों तक की प्यास बुझी. आणि अख्तरचे सातवे वाक्य आले तेव्हा त्यांनी क्षणभर डोळे मिटले, हात छातीशी नेला आणि म्हणाले, “हुजूर की खूबियां बयान करने से हमारी जबान आजिज है.” आपल्या गुणांचे वर्णन करायला आमची जीभ असमर्थ आहे. अख्तर माझ्या खांद्यावर डोके ठेवून निःशब्द हसत होती. तिचे ओढणीआडचे अंग थरथरत होते. तिचे वाक्य एका शब्दानेही खोटे झाले नव्हते.

हुजूर सद्गदित झाले. दुसऱ्या वर्षाची मंजुरी त्यांनी तिथेच दिली आणि मराठी सिपासनामा चौकटीत बसवून तहसिलीच्या दालनात लावावा, असा हुकूम केला. सभा उठल्यावर पंत मीरसाहेबांना टाळत राहिले. त्यांना विजय नको होता असे नाही. पण तो चुकीच्या रस्त्याने आला होता. मीरसाहेबांनीच शेवटी त्यांचा हात धरला. “तुम सच लिखे, मैं अदब बोला,” ते म्हणाले. “बच्चियां तो बैठी हैं ना?” पंतांना यावर विचारता येण्याजोगा प्रश्न सुचला नाही.

अकरा खरी वाक्ये तहसिलीच्या भिंतीवर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर, सात महिने लटकत होती. त्यांच्याखाली बसून लोक अर्ज लिहीत, विड्या ओढत, डुलक्या घेत. शेवटी ती वाचली कचेरीतल्या एका पेशकाराने, कारकुनाने, आणि तेही साहेबांची वाट पाहत दुपार काढायची होती म्हणून. तो मराठी जाणणारा होता आणि बढतीच्या प्रतीक्षेत होता. त्याने ती दोनदा वाचली, चौकट उतरवली आणि वर कळवले. एवढ्या गावात कागद लक्षपूर्वक वाचणारा एकच माणूस निघाला, आणि तो हा. पंत म्हणाले की याला वर्गात घ्यायला हवे होते.

जाब विचारणारा हुकूम आला तो रोखठोक होता. चौथे आणि सातवे वाक्य बेअदबीचे आहे. ती विद्यार्थ्यांनी लिहिली असल्यास त्यांची नावे कळवावीत, म्हणजे पटावरून कमी करता येतील.

पंत कोणतेही लिखाण वर्गापुढे ठेवल्याशिवाय बाहेर जाऊ देत नसत. आपले खुलासापत्रही त्यांनी त्याला अपवाद केले नाही. त्या दुपारी त्यांनी ते आम्हाला वाचून दाखवले. मी त्यांचे इतके सुंदर गद्य दुसरे ऐकले नाही. अकराही वाक्यांचे आधार त्यांनी एकेक करून दिले होते. कमानीची केळी कोणत्या गाईने खाल्ली तेही होते. कुठे क्षमा नव्हती आणि कुठे उर्मटपणाही नव्हता. मग शेवटची ओळ आली. “ही सर्व वाक्ये मी एकट्याने रचली असून वर्गातील कोणाचाही त्यांच्याशी संबंध नाही.”

त्या दिवशीचा खोडणारा लिंबाजी होता. बाक सरकल्याचा आवाज आला. तो उभा राहिला होता. चिकातून मला त्याचा हात तेवढा दिसला आणि हातातली तांबडी पेन्सिल. त्याचा शब्द फुटायच्या आधी पंत म्हणाले, “बस खाली.”

लिंबाजी बसला नाही. त्याने म्हटले की पंत, हे वाक्य तर...

“मला म्हाईत आहे,” पंत म्हणाले. “पेन्सिल इकडं दे.”

त्यांनी ती घेतली आणि कोटाच्या खिशात घातली. माझ्या शेजारी अख्तरची बोटे चिकाच्या काड्यांवर घट्ट आवळली होती. आम्हा दोघींपैकी कोणीही उठून ‘ते वाक्य माझे’ असे म्हटले नाही. मी वर्षानुवर्षे स्वतःला समजावले की आम्हाला वेळ मिळाला नाही. वेळ पुष्कळ होता. तास संपायला वीस मिनिटे होती.

आमची नावे पटावर राहिली. पंतांची हंगामी नेमणूक पुढे वाढली नाही. ते भोकरदनला गेले आणि तिथल्या खासगी शाळेत लहान मुलांना अक्षरे शिकवू लागले. त्यांच्या जागी एक सुस्वभावी गृहस्थ आले, त्यांनी पहिल्याच दिवशी आम्हाला ‘आमची नदी’ हा विषय दिला आणि आमचे निबंध ऐकून ते आजारी पडले.

त्यानंतर मी पंतांना एकदाच पाहिले. संस्थान गेले त्या वर्षीचा हिवाळा होता. मी तोवर जालन्यात मुलींच्या शाळेत शिकवू लागले होते. जुन्या राजवटीला तोंडावर सुनावणाऱ्यांचे सत्कार करायचे म्हणून गावात एक समिती निघाली होती. तिच्यात, मी ओळखले म्हणून सांगते, शामियान्यात पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवणारे तिघे होते. त्यांना एकाएकी पंत आठवले. मानपत्र मी लिहावे असे ठरले, आणि कोणी तरी आधीच तयार केलेला मसुदा माझ्या हाती देण्यात आला. त्यात पंत तेजाचा सूर्य होते, धैर्याचा मेरू होते आणि स्वातंत्र्याचा समुद्रही होते. मी तो घेऊन मोटारीने भोकरदनला गेले.

शाळा म्हणजे एक पत्र्याची खोली. पंत बाहेर लिंबाखाली खुर्चीवर बसले होते, उन्हात. मध्ये चिक नव्हता. मी त्यांना पहिल्यांदा अखंड पाहिले आणि ते मला अनोळखी वाटले; आवाज ऐकल्यावर ओळख पटली. त्यांनी मसुदा वाचला आणि माझ्याकडे हात पुढे केला. मी पर्समधली पेन्सिल दिली. सूर्य गेला, मेरू गेला, समुद्र गेला. पानाच्या तळाशी एक ओळ उरली: ‘ती अकरा वाक्ये त्यांनी एकट्याने रचली होती.’

पेन्सिलीचे टोक त्या ओळीवर टेकले आणि तिथेच राहिले. मी हलक्या आवाजात म्हटले की आता खोडा, पंत. ती आमची होती, आता ते सांगायला हरकत नाही, आता तर त्याचा मानच होईल.

त्यांनी एकेकाचे नाव घेऊन विचारायला सुरुवात केली. लिंबाजी कुठे आहे? बदनापुरात, शेती करतो, मुलगी झाली. पाटलांचा दत्तू? वकील झाला. असे आठही मुलगे झाले. मग त्यांनी विचारले, “अन् अख्तर?”

ती लग्न होऊन हैदराबादला गेली होती. भादव्यापर्यंत, म्हणजे संस्थानात फौजा शिरेपर्यंत, तिची पत्रे येत होती. नंतर माझी तीन गेली. उत्तर आले नाही. कुठे आहे, कशी आहे, मला ठाऊक नव्हते. मी तसे सांगितले. वाटलेले मी काही सांगितले नाही.

पंत कागदाकडे पाहत होते. लिंबाची पिवळी पाने त्यावर पडत होती आणि ते ती झाडत नव्हते.

“मंग हे राहू दे,” ते म्हणाले. “या दिवसांत कुणाचं नाव कुठल्या कागदावर यावं, काय सांगता येतंय?”

त्यांनी पेन्सिल उचलली, मला परत दिली आणि कागद घडी करून माझ्या हातात ठेवला. आतून मुलांचा गलका वाढला होता. ते उठले, उंबऱ्याशी वाकून आत गेले, आणि पत्र्याचे दार त्यांच्यामागे ओढले गेले.

समितीला एका ओळीचे मानपत्र रेशमावर छापणे शोभले नाही. तिने दुसरा सत्कारमूर्ती शोधला. तो कागद माझ्याकडे आहे. त्यावर पंतांनी जिवंत ठेवलेले एकच वाक्य आहे, आणि ते खोटे आहे.